उसना आनंद

मराठी भाषेने दारूला जेवढे गंभीरपणे घेतले, तेवढे गांजाला कधीच घेतले नाही. दारूसाठी आमच्या रंगभूमीने १९१९ साली ‘एकच प्याला’ उभा केला आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना रडविले. गांजाच्या वाट्याला आली ती थट्टाच. कुणी अंमळ अघळपघळ बोलू लागला, की ‘भांग पिऊन आलास काय रे?’ असे आपण सहज विचारतो. ‘गांजेकस’, ‘भंगड’ ही आमची विशेषणे शिवीपेक्षा चेष्टेच्या अंगाने जाणारी. सज्जन घराण्यात एखादा दिवटा निपजला तर ती ‘तुळशीत भांग’, आणि उनाड घराण्यात एखादे गुणी लेकरू जन्मले तर ती ‘भांगेत तुळस’!

परंतु तीच वस्तू आपल्याच मुलाच्या कपाटात सापडली, की चेष्टा तिथल्या तिथे विरते आणि तिची जागा धास्ती घेते. मग आईच्या डोळ्यांपुढे एकदम वेड्यांचे इस्पितळ उभे राहते आणि वडिलांच्या डोळ्यांपुढे पोलीस ठाणे. चेष्टा आणि धास्ती यांच्या मधोमध माहितीची म्हणून जी एक जागा असावयाची, ती आमच्या बहुतेक घरांत रिकामी असते. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण वसतिगृहात राहणारी मुले चार दिवस घरी येतात ती याच सुमारास. आणि बोलावयाचे झाले तर तेव्हाच बोलता येते.

प्रथम त्या झाडाची ओळख करून घेऊ. झाड एकच. त्याच्या पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो, आणि त्या फुलोऱ्यावर सुटणारा राळेसारखा चिकट द्राव म्हणजे चरस. नशेचा जोर भांगेत सर्वांत कमी, गांजात त्याहून अधिक आणि चरसात बहुधा सर्वांत अधिक. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. नराचा पराग मादीवर पडला, की तिची शक्ती बी धरण्यात खर्च होते; म्हणून गांजाचे पीक घेणारे नर झाडे हुडकून उपटून टाकीत. बंगालमध्ये तर केवळ हेच काम करणारे जाणकार असत. आपल्याकडे नगर जिल्हा एके काळी या पिकासाठी ओळखला जाई.

झाडाची आणि आपली ओळख फार जुनी. अथर्ववेदात भंगेचे नाव येते. पाणिनीने तीळ, उडीद यांच्या शेतांबरोबर भंगेच्या शेतासाठीही ‘भाङ्ग्य’ आणि ‘भाङ्गीन’ असे दोन शब्द साधून दाखविले आहेत. शेत वाखासाठी होते की नशेसाठी, याची पंचाईत व्याकरणाला नसते! पुढे वैद्यकाने मात्र ती केली. शार्ङ्गधरसंहितेत भांग आणि अफू यांना ‘व्यवायी’ द्रव्यांचे उदाहरण म्हणून दिले आहे. व्यवायी म्हणजे जे आधी सर्व शरीरभर पसरते आणि मग पचते ते. वैद्याचे हे निरीक्षण अचूक होते. या झाडातील नशा आणणारे द्रव्य चरबीत विरघळते आणि शरीरभर पसरून बसते. म्हणून नित्य ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा माग कित्येक आठवड्यांनीही लागतो.

पाश्चात्त्य वैद्यकाला या झाडाची नीट ओळख करून दिली ती कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी, १८३९ साली. (याच गृहस्थांनी पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारले.) आधी जनावरांवर प्रयोग करून मग त्यांनी संधिवात, धनुर्वात, पटकी यांच्या रोग्यांना गांजाचा अर्क दिला; एका तान्ह्या मुलाच्या झटक्यांवरही त्यांनी तो वापरून पाहिला. गांजा म्हणजे बैराग्याची चिलीम एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

औषध म्हणून विलायतेत गेलेल्या या झाडाविषयी पन्नास वर्षांनी तेथूनच तक्रार आली. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी बोलवा होती. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि १८९३ साली सरकारने एक चौकशी आयोग नेमला. त्याने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल सादर केला. या आयोगाने केलेले सर्वांत मोलाचे काम म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांची तपासणी. रोगी दाखल करताना ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना भरावा लागे. घरची माणसे सोबत नसत, पूर्वेतिहास ठाऊक नसे. आणून सोडणारा पोलीस ‘गांजा’ म्हणे, आणि कारकून तेच लिहून मोकळा होई. आयोगाने १८९२ सालच्या १,३४४ रोग्यांपैकी गांजाच्या नावावर लिहिलेल्यांची हकीकत नव्याने तपासली, तेव्हा गांजाकडे वाजवीपणे बोट दाखविता येईल असे रोगी निघाले अवघे ९८. बेताने घेणाऱ्यास सहसा अपाय होत नाही, अतिरेक करणाऱ्यास होतो, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व परवाना यांनी आळा घालावा, असा आयोगाचा निष्कर्ष होता. सरकारला गांजाच्या अबकारीतून पैसा मिळत असे, हेही विसरता कामा नये. तथापि ती नोंदवह्यांची तपासणी आजही वाचण्याजोगी आहे. कारण ‘गांजा’ हा शब्द लिहून रकाना भरला, की विचार संपतो, हे तिने दाखवून दिले.

मग गांजा मेंदूत जाऊन करतो तरी काय? याचे उत्तर मिळावयास विसावे शतक उजाडावे लागले. इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी पोलिसांकडून जप्तीतले पाच किलो हशिश मिळविले, ते बसमधून प्रयोगशाळेत आणले, आणि १९६४ साली त्यांनी व येहिएल गाओनी यांनी त्यातील नशेचे मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे लांबलचक नाव सोडून जग त्याला टीएचसी म्हणते. १९८८ साली अमेरिकेत ॲलिन हॉवलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी या द्रव्याची मेंदूतील बसण्याची जागा शोधून काढली. कुलूप सापडले! पण परसातल्या एका झाडाच्या किल्लीसाठी निसर्ग आपल्या डोक्यात कुलूप कशाला बसवील? शरीराची स्वतःची किल्ली असलीच पाहिजे. १९९२ साली मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डिव्हेन व लुमिर हानुश यांनी ती डुकराच्या मेंदूतून वेगळी केली आणि तिला नाव दिले ‘आनंदामाइड’. होय, हा आपलाच ‘आनंद’! जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत संस्कृतातला हा शब्द आता कायमचा जाऊन बसला आहे.

हा घरचा आनंद काय काम करतो, ते आगगाडीच्या दृष्टांताने समजेल. पुढचे स्टेशन मागच्या स्टेशनाला ‘लाइन क्लिअर’ देते, तेव्हाच मागचे स्टेशन गाडी सोडते. पुढे गर्दी असली तर गाडी तिथेच थांबते. मेंदूतही एक पेशी पुढच्या पेशीकडे निरोप धाडीत असते. निरोपांची गर्दी झाली, की पुढची पेशी आनंदामाइडासारखे द्रव्य उलट दिशेने सोडून मागचीला कळविते, ‘बाई, आता जरा थांब.’ काम होताच ते द्रव्य तेथल्या तेथे मोडून टाकले जाते. गरज तेथे, गरजेपुरता असा हा काटकसरीचा संसार. टीएचसी आले, की हाच ‘थांब’ असा निरोप हजारो स्टेशनांवर एकाच वेळी, कुणी मागितलेला नसताना जातो. आणि तासन्‌तास जात राहतो.

ही स्टेशने मेंदूत जेथे दाट आहेत, तेथले व्यवहार बिघडतात. स्मरणाच्या केंद्रात ती पुष्कळ. म्हणून गांजेकस वाक्य सुरू करतो आणि शेवटापर्यंत जाईतो आरंभ विसरतो. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत ती आहेत. म्हणून हात-पाय मंदावतात आणि अशा माणसाने वाहन चालविणे धोक्याचे होते. भुकेच्या केंद्रात आहेत, म्हणून बकाबका खाणे. भयाच्या केंद्रात आहेत, म्हणून एकाला स्वस्थता वाटते आणि दुसऱ्याला, किंवा त्याच माणसाला मात्रा वाढल्यावर, विनाकारण धडकी भरते. श्वास चालविणाऱ्या भागात मात्र ती अगदी विरळ असतात. म्हणून अफूने जसा श्वास थांबून मृत्यू येतो, तसा गांजाने सहसा येत नाही. होळीला भांग पिणाऱ्यांसाठी एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. ओढलेला गांजा काही मिनिटांत मेंदूत पोचतो. पोटातून गेलेल्या भांगेला अर्धा तास ते दोन तास लागतात. ‘मला काही चढत नाही’ म्हणून दुसरा पेला घेणाऱ्याची फजिती होते ती यामुळे.

आता खरा प्रश्न. नुकसान कोणाचे होते? उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे : वय, मात्रा आणि घराण्याचा इतिहास. मेंदूचा पुढचा भाग, ज्यावर विवेक आणि संयम यांची भिस्त, तो पिकावयास वयाची पंचविशी उजाडते. तोवर मेंदू आपल्या जोडण्या छाटीत आणि बांधीत असतो, आणि त्या कारागिरीत हे आनंदामाइडाचे खातेही राबत असते. तेथे रोज बाहेरचा ‘थांब’ येऊ लागला, तर बांधकामात ढवळाढवळ होणारच. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीस आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. पन्नासाहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण इतरांच्या सहापट आढळले. हा निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाला. युरोप व ब्राझील येथील ११ ठिकाणच्या पाहणीत २०१९ साली असे दिसले, की रोज घेणाऱ्यांत मनोविकाराचा संभव तिप्पट होता आणि रोज कडक जातीचा घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. न्यूझीलंडच्या ड्यूनेडिन शहरातील १,०३७ मुलांच्या पाहणीतून २०१२ साली असे निघाले, की किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षे घेत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक आठ अंकांपर्यंत घसरला. जुळ्या भावंडांच्या पुढील अभ्यासांनी यावर आक्षेप घेतला. घसरणीचा बराच भाग घरच्या परिस्थितीचा असावा, असे त्यांचे म्हणणे.

हे आकडे पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण ते झटकून टाकण्याचेही नाही. गांजा घेणाऱ्यांतील बहुसंख्यांना वेड लागत नाही, हे आयोगाचे म्हणणे आजही खरे आहे. परंतु ज्याच्या घराण्यात मनोविकार आहे आणि जो पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरुवात करतो, त्याच्यासाठी हा खेळ निराळा आहे. व्यसन लागण्याचेही तसेच. घेणाऱ्या दहांत सुमारे एकाला ते जडते, आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्या सहांत एकाला, असा अंदाज आहे. सोडताना झोप उडते, जेवण जात नाही, चिडचिड होते. आठवड्या-दोन आठवड्यांत ते ओसरते. शिवाय गांजा तोच राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात टीएचसीचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ साली १२ टक्क्यांवर गेले. ‘आमच्या आजोबांच्या गावात सगळे भजनीमंडळ ओढीत असे, काय झाले त्यांना?’ असे विचारणाऱ्याने आजोबांची चिलीम आणि आजची पुडी एक नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

कायद्याविषयी थोडक्यात. १९८५ सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस देशभर गुन्ह्याच्या कक्षेत आणले. नुसती पाने गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांगेचा कारभार राज्यांकडे राहिला. उरुग्वेने २०१३ साली आणि कॅनडाने २०१८ साली गांजा प्रौढांना मोकळा केला. त्याच २०१८ साली अमेरिकेत या झाडातील नशा न आणणाऱ्या सीबीडी नावाच्या द्रव्याचे औषध मुलांच्या दोन दुर्धर प्रकारच्या अपस्मारावर मंजूर झाले. ओशॉनेसींच्या त्या तान्ह्या रोग्याची येथे आठवण होते. औषध आणि विष एकाच झाडावर वाढते. निवड करणारा शहाणा हवा, इतकेच.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख लोक होते. त्यांत कुणाची ना कुणाची मुले असणारच. तेव्हा या दिवाळीत घरी आलेला मुलगा जर गप्पगप्प दिसला, रात्री जागू लागला, अभ्यासातून त्याचे मन उडाले असे वाटले, तर घाईने तो ‘कारण’ नावाचा रकाना भरू नका. गांजा असेलही, नसेलही. कित्येकदा तो कारण नसून दुसऱ्याच एका दुःखावर मुलाने शोधलेला उतारा असतो. परीक्षेचे अपयश, परक्या शहरातला एकटेपणा, कुणी केलेला छळ, किंवा नुकताच उंबरठ्यावर आलेला मनाचा आजार. आधी विचारा, आणि विचारल्यावर ऐकून घ्या. पहिल्याच वाक्याला पोलिसांचे नाव निघाले, तर दुसरे वाक्य कधीच ऐकावयास मिळत नाही. त्याला नाही नाही ते भास होऊ लागले, कुणीतरी आपल्या पाळतीवर आहे असे वाटू लागले, तर मात्र एक दिवसही न दवडता मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. सरकारच्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आहे. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रोगी मानावे, हे महाराष्ट्राला तेथेच शिकावयास मिळाले.

आणि मुलांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमच्या डोक्यात आनंद नावाचे द्रव्य जन्मतःच आहे; धावून दमल्यावर ते रक्तात वाढते, असेही शास्त्रज्ञांना दिसले आहे. उसना आणलेला आनंद व्याजासकट फेडावा लागतो, आणि तुमच्या वयाला सावकार व्याज जास्त लावतो.