डोंबिवलीचा सतरा अंकी आकडा

कागद-पेन्सिल घेऊनच बसा. १११ ला १११ ने गुणा. उत्तर १२३२१. आता ११११ चा वर्ग करा. १२३४३२१. असा एकेक एक वाढवत नऊ एकांपर्यंत गेलात की हाती येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकावरून नवापर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचे! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सतराव्या स्थानाला ‘मध्य’ म्हणतात. पुढची पायरी थेट परार्धाची.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. डेम्लो म्हणजे आपले डोंबिवली. जी.आय.पी. रेल्वेच्या त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचेच नाव! लोकलची वाट पाहताना आपल्याला काय सुचते, ते न विचारलेले बरे.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शिक्षण फर्ग्युसनमध्ये. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. त्यामुळे त्यांच्या या उद्योगाला ‘आकड्यांचा खेळ’ म्हणून नाके मुरडणारे इथे पुष्कळ होते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या करत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तोवर मास्तर सत्तरीला पोचले होते. १९८६ मध्ये ते गेले.

नुसता खेळ म्हणावा, तर हा पाहा. आपल्या सतरा अंकी संख्येतील अंकांची बेरीज करा. बरोबर ८१ भरते. आता त्या ८१ नेच संख्येला भागा. नि:शेष भाग जातो! अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. आणि भागाकार येतो तोही पूर्ण वर्गच, १२३४५६७९ चा.

मग दहा एक घेतले तर? १११११११११११ नव्हे हं, मोजून दहाच लिहा: ११११११११११. याचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल बिघडला! मधल्या स्थानावर दहा जमतात, हातचा एक डावीकडच्या नवावर जातो, त्याचेही दहा होतात, आणि तो हातचा आठाला नऊ करून टाकतो. चढणीवरचा आठ गायब होतो तो असा. मुलांना ‘हातचा’ शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

आठ गळालेली ती १२३४५६७९ घरातल्या चिमुरड्यांना द्या. आवडता अंक विचारा, समजा सात. सात नव्वे त्रेसष्ट. त्रेसष्टने गुणायला सांगा आणि उत्तर मोठ्याने वाचायला लावा.