टॅलोस देव आहे का, हा प्रश्नच चुकीचा

'स्कायरिम' हा खेळ 11 नोव्हेंबर 2011 रोजी बाजारात आला आणि त्यातलं यादवी युद्ध त्या दिवसापासून चालूच आहे. खेळात ते संपतं. खेळणारा ज्या बाजूला जाईल ती बाजू जिंकते आणि दुसऱ्या बाजूचा सेनापती मारला जातो. खेळणाऱ्यांमधलं युद्ध मात्र संपायचं नाव घेत नाही. साम्राज्यवाले आणि स्टॉर्मक्लोकवाले असे दोन तट पडले आहेत. दोघांकडे ठरलेले दाखले आहेत, ठरलेले टोमणे आहेत आणि दोघेही एकाच पुस्तकातली वेगवेगळी पानं फडकवतात. या वादात दोन्ही तटांनी काही समजुती इतक्या घट्ट धरून ठेवल्या आहेत की त्या तपासून पाहायची कुणाला गरजच वाटत नाही. त्यांतल्या चार इथे घ्यायच्या आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी भांडणाचं मूळ थोडक्यात. 'द एल्डर स्क्रोल्स' ही बेथेस्डाची मालिका 1994 मध्ये 'अरीना'पासून सुरू झाली. तिचा खंड टॅमरिएल. तिथल्या चौथ्या युगाच्या 171व्या वर्षी एल्फांच्या ऑल्डमेरी डोमिनियनने माणसांच्या साम्राज्यावर स्वारी केली. डोमिनियनची सूत्रं थाल्मोर नावाच्या, स्वतःच्या वंशाला सर्वश्रेष्ठ मानणाऱ्या गटाच्या हाती होती. राजधानी पडली, परत घेतली गेली आणि 175 साली सम्राट दुसरा टायटस मीड याने व्हाइट-गोल्ड करारावर सही केली. त्यातलं एक कलम होतं टॅलोसची पूजा बंद करण्याचं. टॅलोस म्हणजे टायबर सेप्टिम. ज्याने सगळा खंड एका छत्राखाली आणला आणि मेल्यावर जो देव झाला, आठ दैवतांतला नववा. पुढे 201 साली स्कायरिम प्रांतात विंडहेल्मचा सरदार उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक बंड करून उठलेला आहे. आमचा देव आम्हाला परत द्या, असं तो म्हणतो. साम्राज्याचं उत्तर असं की एल्फांशी पुन्हा लढायचं तर आधी एकत्र राहायला हवं.

"खेळच तो, त्यावर एवढा काथ्याकूट कशाला?" हा आक्षेप हमखास येतो. कादंबरीतल्या पात्रांच्या नीतीवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांनी तो घेऊ नये, एवढंच उत्तर पुरे.

आता पहिली समजूत. थाल्मोरच्या वकिलातीत शिरल्यावर उल्फ्रिकच्या नावाचं एक गुप्त टिपण हाती लागतं. ते वाचून साम्राज्यवाले जाहीर करतात की उल्फ्रिक थाल्मोरचा हस्तक आहे, वाद संपला. गंमत म्हणजे हे टिपण म्हणजे या प्रकरणातला सगळ्यात भरवशाचा कागद. थाल्मोरच्या लोकांनी थाल्मोरच्या लोकांसाठी लिहिलेला, बाहेरच्या कुणाला पटवण्यासाठी नव्हे. पण तो शेवटपर्यंत वाचायला हवा. उल्फ्रिक युद्धात पकडला गेला, छळात बोलला, आणि त्याच्या बोलण्यामुळेच राजधानी पडली असं त्याला भासवलं गेलं. प्रत्यक्षात तो तुटण्याआधीच शहर पडलं होतं. पुढे तो थेट संपर्काला सहकार्य करेनासा झाला, असं टिपणातच नोंदलेलं आहे. आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की साम्राज्याचा विजय नको आणि स्टॉर्मक्लोकचाही नको. युद्ध रेंगाळणं हेच हिताचं. म्हणजे ज्या कागदावरून उल्फ्रिकला हस्तक ठरवायचं, तोच कागद त्याच्या विजयाला थाल्मोर घाबरतात असं सांगतो. उल्फ्रिक वापरला गेलेला माणूस आहे, विकला गेलेला नव्हे. हा फरक ज्यांना सोयीचा नाही ते टिपणाचा मथळा वाचून थांबतात.

दुसरी समजूतही साम्राज्यवाल्यांचीच, आणि ती जास्त चलाखीची आहे. बंदी कागदावरच होती. लोक घरात पूजा करत होते, अधिकारी डोळेझाक करत होते. उल्फ्रिकने बोंबाबोंब केली म्हणून थाल्मोरचे पहारेकरी गावोगाव फिरू लागले. रिव्हरवूडचा लोहार अल्वोर नेमकं हेच सांगतो. तो म्हणतो की त्याच्या लहानपणी घरोघर टॅलोसचं छोटं देवघर होतं आणि कुणी विचारत नव्हतं. अल्वोर भला माणूस आहे, खोटं बोलायचं त्याला कारण नाही. पण त्याच्या साक्षीतून काय निघतं? राज्याने एक कायदा केला, तो पाळायचा नाही असं ठरवलं, आणि कुणी तो कायदा उघडपणे नाकारला तेव्हा शिक्षा नाकारणाऱ्याला झाली. ज्या हक्काचा उच्चार केला की तो जातो, तो हक्क नसतोच. ती मेहेरबानी असते.

सम्राटापुढे पर्याय नव्हता, हा दावा याच्याच जोडीला येतो. त्याचं खंडन साम्राज्याच्याच सैन्यातला एक अधिकारी करतो. लेगेट जस्टियानस क्विंटियस याने महायुद्धाचा जो वृत्तांत लिहिला आहे, त्याचा कल सम्राटाकडे आहे. तरी तो नमूद करतो की कराराच्या अटी जवळपास त्याच होत्या ज्या 171 साली सम्राटाने धुडकावल्या होत्या. आणि करारात आपला दक्षिण भाग देऊन टाकलेला पाहून साम्राज्याबाहेर गेलेल्या हॅमरफेल प्रांताने एकट्याने लढून 180 साली एल्फांना माघारी लावलं, हेही तो लिहितो. स्वतःच्या बाजूला अडचणीची ठरणारी गोष्ट जेव्हा साक्षीदार आपणहून सांगतो, तेव्हा ती मानायची, हा साधा नियम आहे. वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला तो अशाच विवेकातून. कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला आणि त्यातून त्याला काय मिळायचं होतं, हे विचारल्याशिवाय इतिहास लिहू नये. टॅमरिएलच्या इतिहासाला वेगळा नियम लावायचं कारण मला दिसत नाही.

इथवर वाचून स्टॉर्मक्लोकवाले खूश झाले असतील. तिसरी समजूत त्यांची आहे.

टॅलोस हा नॉर्डांचा, म्हणजे स्कायरिमच्या माणसांचा देव, त्याच्यावर हात टाकणं म्हणजे नॉर्डांच्या धर्मावर हात टाकणं, असं ते म्हणतात. नॉर्डांचा जुना धर्म खरंच कसा होता? त्यांची दैवतं होती शोर, काइन, त्सुन. साम्राज्याबरोबर आठ दैवतांचा पंथ आला आणि जुना धर्म मागे पडला. 201 सालच्या स्कायरिममध्ये काइनला जुन्या रीतीने मानणारा फ्रोकी डोंगरातल्या झोपडीत एकटा राहतो आणि इम्पीरियल दैवतांबद्दल नाक मुरडतो. टॅलोस या जुन्या मांडवातला नाहीच. तो साम्राज्याचा संस्थापक आहे आणि त्याची पूजा साम्राज्याने आपल्या पंथासोबत पसरवली. म्हणजे उल्फ्रिक साम्राज्याविरुद्ध बंड करतो ते साम्राज्याच्या मूळपुरुषाच्या नावाने. शिवाय 'मॉरोविंड'मध्ये 'आर्क्टुरियन हेरेसी' नावाचं एक बंडखोर पुस्तक सापडतं. त्यानुसार हा मूळपुरुष नॉर्ड नव्हताच. तो हाय रॉक प्रांतातल्या अल्केअरचा ह्याल्टी, म्हणजे ब्रेटन वंशाचा. ते पुस्तक खरं मानायचं की नाही, हा मुद्दा बाजूला ठेवू. पण नॉर्ड अस्मितेचा सगळा डोलारा ज्याच्यावर उभा आहे, त्याच्या जन्मगावाबद्दलच एकमत नाही, हे स्टॉर्मक्लोकवाल्यांनी एकदा तरी मोठ्याने म्हणून पाहावं.

मात्र यावरून साम्राज्यवाल्यांनी "पाहा, धर्म आणि राजकारण वेगळं ठेवायला हवं" असं म्हणण्याचीही सोय नाही. कारण सायरोडिलचा, म्हणजे साम्राज्याच्या मूळ प्रांताचा धर्म पहिल्या दिवसापासून तहनामाच आहे. पहिल्या युगाच्या 243व्या वर्षी राणी अलेसियाने एल्फ मालकांविरुद्धचं गुलामांचं बंड यशस्वी केलं. मग तिच्यापुढे पेच उभा राहिला. तिची प्रजा पिढ्यान्‌पिढ्या एल्फांचे देव पूजत आलेली, आणि तिचे नॉर्ड मित्र एल्फांच्या नावानेच पेटणारे. तेव्हा तिने दोन्हींमधून आठ दैवतांचा पंथ जुळवला. एल्फांचा कट्टर वैरी असलेला शेझार त्यात सौम्य झाला. माणसाच्या सगळ्या उद्योगामागची प्रेरणा, असं त्याचं रूप ठरलं. हे मी बनवून सांगत नाही, 'शेझार अँड द डिव्हाइन्स' नावाच्या छोट्या ग्रंथात ते शांतपणे मांडलेलं आहे. तेव्हा आठाचे नऊ झाले तेही राजकारणाने, आणि नवाचे पुन्हा आठ झाले तेही राजकारणाने. थाल्मोरचा राग तरी निव्वळ शास्त्रार्थातला कुठे आहे? माणूस देव होऊ शकत नाही हे त्यांचं मत आहेच, पण न्युमिडियम नावाचा पितळी राक्षस घेऊन त्यांचं समरसेट बेट जिंकणारा टायबर सेप्टिमच होता, हेही ते विसरलेले नाहीत. टॅलोसची पूजा बंद पाडून थाल्मोरना सृष्टीचाच खांब उखडायचा आहे, असा एक सिद्धांत फार लोकप्रिय आहे. त्याचा आधार खेळाबाहेर लिहिल्या गेलेल्या मजकुरावर आहे. आकर्षक आहे, पण युद्ध, अपमान आणि वंशाभिमान एवढी कारणं डोळ्यांसमोर असताना त्याची गरज काय?

म्हणून टॅलोस देव आहे का, यावर रक्त आटवणं व्यर्थ. टॅमरिएलमध्ये देव कोण हे अनेकदा तहाच्या मेजावर ठरत आलंय. खरा प्रश्न असा: एका राज्याने दुसऱ्या राज्याला आपल्या प्रजेचं देवघर तपासू द्यावं का? माझं उत्तर नाही. करार चुकीचा होता.

चौथी समजूत दोन्ही तटांची आहे: कंपनी कधीतरी सांगेल की कोण जिंकलं, मग कळेल कोण बरोबर होतं. ज्यांना मालिकेचा इतिहास माहीत आहे त्यांनी तरी हे म्हणू नये. 'डॅगरफॉल' 1996 मध्ये आला तेव्हा त्याला अनेक शेवट होते आणि ते एकमेकांना छेद देणारे होते. पुढच्या खेळात एक शेवट निवडून बाकीचे खोटे ठरवणं सोपं होतं. कर्त्यांनी तसं केलं नाही. काळच फाटला आणि सगळे शेवट एकदम घडले, असं त्यांनी इतिहासात लिहून टाकलं. सायरोडिल हा प्रदेश 1998च्या 'पॉकेट गाइड'मध्ये घनदाट जंगल होता, 2006च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये तिथे साधी हिरवी रानं निघाली. त्यालाही खेळातल्या ग्रंथांनी दैवी कारण शोधलं. कंपनीचा शब्द अंतिम मानायचा तर कुठल्या सालचा?

यावरून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. सगळेच साक्षीदार पक्षपाती, तेव्हा ज्याला जे वाटेल ते खरं, असं त्यांचं म्हणणं. ही आळशी माणसाची उदारता. पक्षपाती साक्षीदारही कधीकधी एकाच गोष्टीवर येऊन मिळतात आणि तिथे खरं हाती लागतं. असं एक ठिकाण आहे मार्कार्थ.

174 साली महायुद्ध चालू असताना रीच भागातल्या मूळ रहिवाशांनी मार्कार्थ शहर नॉर्डांकडून घेतलं आणि दोन वर्षं चालवलं. 176 साली उल्फ्रिकने नॉर्ड तुकडी घेऊन ते परत जिंकलं. मोबदला म्हणून त्याने टॅलोसची खुली पूजा मागितली आणि ती कबूल झाली. थाल्मोरना कळताच साम्राज्याने शब्द फिरवून त्यालाच तुरुंगात टाकलं. स्टॉर्मक्लोकवाल्यांच्या बंडाची ही जन्मकथा. तिच्यातला मधला भाग मात्र ते सांगत नाहीत. अरियानस अरियस हा इम्पीरियल पंडित लिहितो की शहर जिंकल्यावर उल्फ्रिकने शरण आलेल्यांनाही मारलं. दुकानदार, शेतकरी, म्हातारे, तलवार उचलता येईल एवढी मुलं, जे त्याच्याकडून लढले नाहीत ते सगळे. पंडित शत्रुपक्षाचा आहे, त्याच्या शब्दांत मीठमसाला असेल, मान्य. पण मार्कार्थच्या सिडना खाणीतल्या रीचच्या कैद्यांना साम्राज्याचं काडीचं प्रेम नाही, आणि त्यांची हकिगतही वेगळी नाही. रीचच्या बंडवाल्यांच्या राजाशी एकदा संबंध आला एवढ्यावरून ब्रेग नावाचा कैदी तिथे सडतो आहे. एथ्रा या त्याच्या लहान मुलीने आपल्याला घ्या, बापाला सोडा, म्हणून यार्लपुढे, म्हणजे तिथल्या सरदारापुढे गयावया केली. तिचं डोकं उडवताना त्याला बघायला लावलं आणि मग त्यालाही खाणीत ढकललं. खाण सिल्व्हर-ब्लड घराण्याची आहे. स्टॉर्मक्लोक जिंकले तर त्याच घराण्यातला माणूस मार्कार्थचा यार्ल होतो. आणि साम्राज्य जिंकलं तरी खाण चालूच राहते.

पूजेच्या स्वातंत्र्याची पहिली किंमत मोजली ती ज्यांचा टॅलोसशी काही संबंध नव्हता त्यांनी. त्यांचे देव वेगळे, त्यांच्या देवांबद्दल करारात कलम नाही आणि बंडाच्या जाहीरनाम्यातही ओळ नाही. विंडहेल्ममधल्या ग्रे क्वार्टरमध्ये कोंबलेले डार्क एल्फ आणि वेशीबाहेर ठेवलेले अर्गोनियन उल्फ्रिकच्या स्वातंत्र्यात कुठे बसतात, हेही त्याने कधी सांगितलेलं नाही.

निकाल द्यायचाच तर तो असा. करार नाकारण्याचा उल्फ्रिकचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मांडण्याचा अधिकार त्याने मार्कार्थमध्ये गमावला. ज्यांना हा निकाल मान्य नसेल त्यांनी तो जरूर खोडून काढावा. पण त्याआधी थाल्मोरचं टिपण पूर्ण वाचा, आणि सिडना खाणीत ब्रेगला त्याची हकिगत विचारा. तो दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो.