फळ्यांखालचे चष्मे

उत्तर जर्मनीतल्या वीनहाउजेनच्या मठात १९५३ साली प्रार्थनागृहाच्या फळ्या उचलल्या, तेव्हा खाली जोगिणींचे मध्ययुगीन चष्मे सापडले. वाचायला आणि भरतकामाला लागत असणार. त्यांच्या लोकरी भरतकामात ट्रिस्टनची प्रेमकथाही आहे, मठात! सोळाव्या शतकात ड्यूक अर्न्स्टने ल्यूथरचा पंथ आणला आणि मठाच्या मिळकतीचा कारभारही हाती घेतला. जोगिणींनी वर्षानुवर्षे दाद दिली नाही. कुणी याला हटवादीपणा म्हणेल. पण मी आयुष्य बँकेत काढले. सुधारणेबरोबर खातेवहीही जाणार असेल, तर सही कोण करील? शेवटी पंथ बदलला, बायका मात्र राहिल्या. आजही तिथे ल्यूथरपंथी स्त्रिया राहतात, आल्यागेल्याला मठ दाखवतात. प्रमुखही बाईच असते.