वजडी-कलेजीवाल्यांना गटारीपर्यंतची मुदत

पेण-रोह्याच्या मटणवाल्यांनो, चिकनवाल्यांनो, मुंबई-गोवा महामार्गावरच्या ढाबेवाल्यांनो आणि अलिबागच्या वाटेवरच्या फार्महाउसना गोठवलेला माल पुरवणाऱ्यांनो, नीट वाचा. आषाढ अमावस्येला, म्हणजे गटारीला, तुमच्या दारात रांगा लागतील. तिच्या आधीच्या रविवारपर्यंत वजडी, कलेजी, गुर्दा, भेजा, पाया यांची विक्री कायद्यात बसवा. त्यानंतर विनवणी नाही, तक्रार होईल.

हा शाकाहाराचा प्रचार समजू नका. वजडी मला मटणापेक्षा प्रिय आहे आणि संताप त्यामुळेच आहे. मटणाला तुम्ही काच लावता, फ्रीज घेता. कलेजी मटणाच्या आधी खराब होते, तरी ती उघड्या ताटात पडून राहते. वजडीच्या नशिबी तर बादली.

अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याखालच्या २०११ च्या परवाना नियमावलीत मांसाच्या दुकानांसाठी स्पष्ट लिहिलं आहे: कातडी, खूर, मुंडी आणि साफ न केलेली आतडी दुकानात कधीही ठेवायची नाहीत. दुकानात जनावर कापायचं नाही. माल रोज कुठून आला याची नोंद ठेवायची. माणसं वाहणाऱ्या वाहनातून मांस आणायचं नाही. म्हणजे प्रवासी रिक्षाच्या सीटमागे पिशवीत बसून येणारी वजडी बेकायदा ठरते. (मुंडीबाबतचा नियम मुंडी कधी न खाल्लेल्या माणसाने लिहिला असावा. पण तो बदलेपर्यंत पाळावा लागेल.)

आता नदीकाठाविषयी. कत्तलखान्यात डॉक्टर जनावर कापल्यावर यकृत आणि फुप्फुसं तपासतो, ती उगाच नाही. शेळ्यामेंढ्यांच्या या अवयवांत पट्टकृमीच्या पाणीदार गाठी असू शकतात. अशी गाठ असलेला तुकडा कुत्र्याने कच्चा खाल्ला की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून माती-पाण्यात जातात आणि हातातोंडावाटे माणसाच्या पोटात. मग माणसाच्या यकृतात तशीच गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढते. भोगावतीच्या किंवा कुंडलिकेच्या काठी आतडी, फुप्फुसं फेकणारा माणूस नुसती घाण करत नाही, तो या रोगाला कुत्र्यामार्फत आपल्या घरी बोलावतो. २००१ च्या कत्तलखाना नियमांनी एका डॉक्टरला तासाला १२ आणि दिवसाला ९६ जनावरांची मर्यादा घातली, ती जनावर कापण्याआधीची तपासणीही खरी व्हावी म्हणून. पेण आणि रोह्याच्या नगरपरिषदांनीही याच मुदतीत जाहीर करावं: आपल्या हद्दीत या दोन्ही तपासण्या कुठे, किती वाजता आणि कोण करतं?

गोठवलेला परदेशी माल विकणाऱ्यांना वेगळं सांगतो, कारण न्हावा-शेवा बंदर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ‘बंदरावरून स्वस्तात आलंय’ हे वाक्य इथे सहज खपतं. १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट घेतल्याशिवाय परदेशी मांस वा अवयव देशात आणता येत नाहीत. गोमांस कोणत्याही रूपात आणायला बंदीच आहे. बदकाला नळीने कोंबून खाऊ घालून फुगवलेली कलेजी, फ्वा ग्रा, हिची आयात भारताने २०१४ साली बंद केली; ती कुणाच्या पार्टीच्या यादीत दिसली तर कुठून आली हे विचारलं जाईल. बाकी खोक्यांवर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक हवा. बंदरातून सुटताना मालाची ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं तरी शिल्लक हवं. जुनं लेबल खरवडून नवं चिकटवणाऱ्यांनी हा धंदा आजच थांबवावा.

‘कोण विचारतंय?’ असं म्हणणाऱ्यांना आठवण करून देतो. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग असलं तरी अन्न व औषध प्रशासनाचं रायगडचं कार्यालय पेणमध्येच आहे. कायद्याचं कलम ४० साध्या गिऱ्हाइकालाही अधिकार देतं: विकत घेतानाच दुकानदाराला सांगून, शुल्क भरून, तो नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. गलिच्छ जागेत अन्न हाताळल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

रविवार उलटला की आम्ही गिऱ्हाइकं दुकानात बिल मागणार. २०२२ च्या जानेवारीपासून बिलावर अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापणं सक्तीचं आहे. बिल नाही, नोंदवही नाही, बादली तिथेच, असं दिसलं तर सोमवारी कार्यालय उघडताच अर्ज दाखल होईल. त्यात दुकानाचं नाव, तारीख, वेळ आणि फोटो असतील. ओळखीचं दुकान म्हणून कुणाचंही नाव गाळलं जाणार नाही.