‘अंडरबेली’ कोणाची?



आपली मुले इंग्रजी शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु एखादा शब्द कोणाला खाली ढकलतो, हेही त्यांना शिकविले पाहिजे. आज अशाच एका शब्दाची मी उलटतपासणी घेणार आहे. तो शब्द म्हणजे ‘अंडरबेली’.

त्याचा मूळ अर्थ निरुपद्रवी आहे. जनावराच्या पोटाची जमिनीकडील बाजू म्हणजे अंडरबेली. तेथे बरगड्यांचे चिलखत नसते. म्हणून शत्रूचे दुर्बळ मर्मस्थान, असा एक लाक्षणिक अर्थ निघाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी भूमध्य समुद्राकडील बाजूस शत्रुराष्ट्रांची अंडरबेली म्हटले. १९४३ मध्ये दोस्तांचे सैन्य इटलीत उतरले. पुढे काय झाले? १९४४ च्या जानेवारीपासून मेपर्यंत एकट्या मॉन्टे कॅसिनोपाशी चार लढाया द्याव्या लागल्या. ज्याला पोट म्हटले, तो खडक निघाला! नाव दिल्याने वस्तू तशी होत नाही, हाच त्याचा धडा.

दुसरा लाक्षणिक अर्थ अधिक घातक आहे: समाजाची झाकलेली, गलिच्छ, गुन्हेगारीची बाजू. मुंबईची अंडरबेली म्हणून इंग्रजी लेखणी वारंवार कोणाकडे बोट दाखविते? झोपडपट्टीकडे! धारावीत मडकी घडतात, चामड्याच्या पिशव्या शिवल्या जातात, शहराने फेकलेले प्लास्टिक निवडून पुन्हा उपयोगात आणले जाते. हे श्रम गुन्हा आहेत काय? गुन्हा व्यक्ती करते, वस्ती नव्हे. न्यायालयात आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो. हा शब्द मात्र पुराव्यावाचून साऱ्या वस्तीला दोषी ठरवितो.

शहराच्या खरोखर खाली कोण उतरतो, तेही पाहा. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही माणसे उतरविली जातात आणि गुदमरून मरतात. मग झाकून ठेवण्याजोगी लाजिरवाणी बाजू कोणती? गटारात उतरणारा माणूस, की कायदा ठाऊक असूनही त्याला उतरविणारा कंत्राटदार आणि त्याकडे डोळेझाक करणारा अधिकारी?

वाचकहो, धम्मदीक्षा घेताना आपण लादलेली नीचता नाकारली. तीच नीचता इंग्रजी पोशाखात दाराशी आली, तर तिला पाट मांडून बसवावयाचे काय? शब्द टाकून देऊ नका. तो ज्याचा आहे त्याच्या पत्त्यावर परत पाठवा. वर्तमानपत्रात तुमच्या वस्तीला कोणी अंडरबेली म्हटले, तर संपादकास पत्र लिहून एवढेच विचारा: पुरावा कोठे आहे?

जय भीम!