टाकीतलं शेवाळ समुद्रात सोडणं ही दया नव्हे



हल्ली बऱ्याच घरांत माशांची टाकी असते. कुणाकडे खाऱ्या पाण्याचीही असते, रंगीत मासे आणि हिरवंगार शेवाळ असलेली. पुढे मुलं मोठी होतात, घर बदलतं, टाकीचा कंटाळा येतो. मग कुणीतरी म्हणतं, “मारायचं कशाला? समुद्रात सोडून देऊ.” म्हणणाऱ्याचा भाव चांगला असतो, पण याला जीवदया म्हणायला मी तयार नाही.

कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचंच बघा. दिसायला हिरव्या पिसासारखं, आणि एवढं मोठं असूनही एकाच पेशीचं. त्याचा बारीकसा तुकडा तुटला तरी तो नव्याने वाढतो. जर्मनीत स्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात ते टाक्यांच्या शोभेसाठी वाढवलं गेलं आणि हा वाण थंड पाणीही सोसू लागला. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात त्याचा जेमतेम एक चौरस मीटरचा ठिपका दिसला. पुढच्या काळात ते फ्रान्स आणि इटलीच्या किनाऱ्यांवर पसरलं आणि तिथल्या समुद्री गवताच्या जागा व्यापू लागलं.

जून २००० मध्ये तोच वाण कॅलिफोर्नियात, सॅन दिएगोजवळ कार्ल्सबादच्या किनाऱ्यालगत एका खाऱ्या तलावात सापडला. कुणीतरी टाकी रिकामी केली असावी, असं मानलं जातं. ते घालवायला पाणबुड्यांनी त्यावर ताडपत्र्या अंथरल्या आणि खाली क्लोरीन सोडलं. ताडपत्रीखाली शेवाळाबरोबर अडकलेले बाकीचे जीवही मेले. पूर्ण नायनाट झाल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं आणि खर्च सत्तर लाख डॉलरच्या वर गेला. विचार करा, एका टाकीपायी केवढी हिंसा!

आपल्याकडे पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची रीत आहे. दुसऱ्या विहिरीत नाही, कारण एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात गेले की त्यांनाही इजा आणि तिथल्यांनाही. आपल्या आज्यांना हे पुस्तक न वाचता ठाऊक होतं. दुकानातून आणलेल्या शेवाळाची विहीर कोणती, हे आपल्याला कुठे माहीत असतं?

तुम्ही म्हणाल, मग ते कचऱ्यात टाकायचं? शेवाळात तर अनंत जीव! खरं आहे, तीही हिंसाच आहे. पण ती आपल्या टाकीपुरती राहते आणि तिचं पाप आपण ओळखून असतो. समुद्रात सोडलं की हिंसा आपल्या नजरेआड होते, थांबत नाही.

म्हणून आधीच आवर घालावा. जे पुढे सांभाळता येणार नाही ते हौसेसाठी घरात आणूच नये. अपरिग्रह फक्त साड्या-दागिन्यांचा नसतो. टाकी घरात असेलच, तर मासे दुसऱ्या जाणत्या माणसाला किंवा दुकानदाराला द्यावेत. शेवाळ एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवून, पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावं. टाकीचं पाणी ओढ्यात, खाडीत किंवा पावसाच्या गटारात ओतू नये. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये कॉलर्पाच्या नऊ जाती बाळगायला आणि विकायला बंदी घातली. तिकडे राहणाऱ्या लेकी-सुनांना हे आवर्जून कळवा.

आपण आणलेल्या जिवाचा भार आपणच वाहायचा. तो समुद्राच्या गळ्यात घालायचा नाही.