मुदीरला फोन कोण करणार?

4 मे 2000 हा गुरुवार होता, आणि अमिरातीतल्या सरकारी कचेऱ्यांना तेव्हा गुरुवारी-शुक्रवारी सुट्टी असे. (2006 मध्ये ती शुक्रवार-शनिवार झाली, 2022 मध्ये शनिवार-रविवार. इथे तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘सुट्टी कोणत्या वारी?’ असं एकदम विचारलं तर तो क्षणभर अडखळतो.) त्या गुरुवारी मनिलाहून सुटलेलं एक पत्र दिवस मावळायच्या आत जगभरच्या इनबॉक्समध्ये पोचलं होतं. विषयाच्या जागी ‘आय लव्ह यू’, आत जेमतेम एक ओळ, सोबत एक फाइल. फाइल साध्या मजकुराची दिसे, कारण नावाच्या शेवटची जी तीन अक्षरं तिची खरी जात सांगत होती ती विंडोज लपवून ठेवत असे. उघडली की ती संगणकातले फोटो पुसून त्यांच्या जागी स्वतःची नक्कल ठेवायची, आणि आउटलुकच्या ॲड्रेस बुकातल्या झाडून सगळ्यांना, उघडणाऱ्याच्याच नावाने, तेच पत्र धाडायची. ब्रिटनच्या संसदेने आणि अमेरिकेच्या पेंटागॉनने आपापली मेलयंत्रणा काही काळ बंद ठेवली.

लोक प्रेमाला भुकेले होते म्हणून फसले, असं तेव्हा चेष्टेने म्हटलं जाई. मला ते पटत नाही. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं होतं म्हणून त्यांनी ते पत्र उघडलं. रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्या माणसाचं पत्र आलं तर आपण ते उघडणारच. त्यात काय लिहिलंय याचं नवल वाटलं तर अधिकच घाईने उघडणार. ते ‘आय लव्ह यू’ पत्र लिहिणारा ओनेल दे गुझमान हा मनिलातला संगणकाचा विद्यार्थी. इंटरनेटचे पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम त्याने प्रबंधाचा विषय म्हणून मांडला होता आणि कॉलेजने तो नाकारला होता. त्याच्यावर खटला उभा राहू शकला नाही, कारण फिलिपिन्समध्ये या गुन्ह्याला कायदाच नव्हता. अमिरातीतही असा पहिला कायदा आला तो 2006 मध्ये.

पुढची चार-पाच वर्षं असल्या किड्यांची होती. 2001 च्या जुलैत ‘सरकॅम’ आला. ‘तुमचा सल्ला हवा म्हणून ही फाइल पाठवतोय’ एवढं नम्रपणे म्हणून तो तुमच्याच संगणकातला एखादा कागद उचलायचा आणि दिसेल त्या पत्त्यावर रवाना करायचा. आखातातल्या माणसाच्या संगणकात काय असतं? पासपोर्टची प्रत, पगाराचा दाखला, आणि दुसरीकडे नोकरी शोधत असल्याचा पुरावा म्हणून नुकताच अद्ययावत केलेला बायोडेटा. तो साहेबाच्या इनबॉक्समध्ये पोचणं हे फोटो पुसले जाण्यापेक्षा वाईट. 2002 च्या ‘क्लेझ’ने आणखी एक पाऊल टाकलं. ज्याचा संगणक बाधित झाला त्याचं नाव लावायचंच नाही. त्याच्या ॲड्रेस बुकातलं तिसऱ्याच कुणाचं तरी नाव प्रेषक म्हणून डकवायचं. मग ज्याने काहीच पाठवलं नाही त्यालाच लोक शिव्या घालत बसत.

हे शक्य होतं, आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे, कारण ई-मेलची मूळ रीत 1982 सालची आहे आणि ती भाबडी आहे. आंतर्देशीय पत्राच्या मागे प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहावं आणि पोस्टमनने ते निमूटपणे आणून टाकावं, तसाच हा कारभार. पत्र खरंच त्या पत्त्यावरून निघालं का हे तपासणाऱ्या मोहरा पुष्कळ उशिरा आल्या. गूगल आणि याहूने रोज हजारोंनी पत्रं धाडणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या, त्याही 2024 च्या फेब्रुवारीत.

तरीही ते जुने किडे मेले, हे मान्य करायला हवं. मेल कंपन्यांच्या चाळण्या सुधारल्या, आउटलुकने संशयित फाइली अडवल्या, इंटरनेटवरून आलेल्या ऑफिसच्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. ‘अनोळखी ॲटॅचमेंट उघडू नका, अँटीव्हायरस ठेवा, अपडेट टाळू नका’ हे सगळं अजून खरं आहे, पण ते सांगायला माझी गरज नाही. मला काळजी वाटते ती चाळणीतून सहज निसटणाऱ्या पत्राची. त्याला ॲटॅचमेंट नसते, विषाणू नसतो, बहुधा लिंकही नसते. असतो तो फक्त हुकूम.

देरा दुबईत धंदा असलेल्या माझ्या एका परिचितांकडे अशी घटना घडली. माल पुरवणाऱ्या परदेशी कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता. त्याच साखळीत एक उत्तर आलं: आमचं खातं ऑडिटमुळे बदललंय, या वेळची टीटी (बँकेतून पाठवायची रक्कम) नव्या आयबॅनवर (खाते क्रमांकावर) करा. खाली मागची सगळी पत्रं जशीच्या तशी, सही तीच, पत्त्यात मात्र एका अक्षराचा फरक. अकाउंटंट आपला सांगलीकडचा, कामाला चोख. त्याने टीटी मारली आणि पैसे गेले. नंतर चौकशीत तो म्हणाला की शंका आली होती. मग विचारलं का नाहीस? शेठ मीटिंगमध्ये होते. आणि त्या आधी एकदा असंच विचारलं होतं तेव्हा शेठ म्हणाले होते, एवढंही तुला कळत नाही का?

त्या माणसाला दोष देणं सोपं आहे. मी तो शेठना देतो. आखातातली नोकरी व्हिसाला बांधलेली. मुदीर, म्हणजे साहेब, खूश नसला तर घरभाडं, मुलांची शाळा, सगळंच हलतं. शिवाय आपल्या घरात मोठ्यांना उलट प्रश्न विचारायची रीत नाही. चोराला यातलं काहीही शिकावं लागत नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं की साहेबाच्या नावाने ‘तातडीचं आहे, गुप्त ठेव, मला फोन करू नकोस’ असं लिहिलं की कनिष्ठ माणूस फोन करत नाही.

या धंद्यातली एक मोठी असामी दुबईतच राहत होती. रॅमन अब्बास ऊर्फ ‘हशपपी’ इन्स्टाग्रामवर गाड्या, विमानं आणि कपडे मिरवायचा. त्याला पाहणारे लाखोंनी होते. 2020 च्या जूनमध्ये दुबई पोलिसांनी ‘फॉक्स हंट 2’ या मोहिमेत त्याच्यासह 12 जणांना पकडलं. जप्तीत 13 महागड्या गाड्या आणि, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, 19 लाखांहून अधिक लोकांचे पत्ते सापडले. त्याच्यावरच्या एका प्रकरणात न्यूयॉर्कच्या एका वकिली कचेरीने अशिलाच्या घराचं कर्ज फेडायला म्हणून सुमारे 9 लाख 23 हजार डॉलर पाठवले होते. बँकेच्या सूचना वाटल्या त्या ठगांच्या होत्या. अमेरिकेच्या न्यायालयाने 2022 च्या नोव्हेंबरात त्याला अकरा वर्षांहून अधिक शिक्षा दिली. त्याच्या श्रीमंतीचे फोटो पुष्कळांनी पाहिले. ती जुळवायला जे तंत्र लागलं ते मात्र अगदी सामान्य होतं. बरोबर वेळी, बरोबर माणसाच्या नावाने एक साधं पत्र.

मग करायचं काय? खात्याचा क्रमांक बदलल्याचं पत्र आलं की फोन करायचा, आणि तो पत्रात दिलेल्या नंबरावर नाही, तर आपल्या जुन्या वहीत असलेल्या नंबरावर. त्याच पत्राला उत्तर देऊन ‘हे तुम्हीच ना?’ असं विचारण्यात काही अर्थ नाही. चोर मोठ्या आनंदाने ‘हो’ म्हणतो. इथल्या आयबॅनमध्ये एक खूण उपयोगी पडते. ‘एई’ ही दोन अक्षरं धरून तो 23 वर्णांचा असतो, आणि पाचव्यापासून सातव्यापर्यंतचे तीन अंक बँक सांगतात. इथल्याच व्यापाऱ्याने खातं बदललं असेल आणि ते तीन अंकही वेगळे असतील, तर बँकच बदलली आहे. विचारायला एवढं कारण पुरे. पण आधी शेठनी सगळ्यांसमोर सांगायला हवं की फोन करणाऱ्याला मी ओरडणार नाही, मी विमानात असलो तर टीटी उद्या जाईल. अँटीव्हायरसच्या वर्गणीपेक्षा हे वाक्य स्वस्त आहे, आणि तरी ते फार कमी कचेऱ्यांत उच्चारलं जातं.

घरच्या इनबॉक्समध्ये गोष्ट थोडी वेगळी. इथलं आयुष्य सूचनांवर चालतं: एमिरेट्स आयडी संपत आलाय, सालिकचं (रस्त्याच्या टोलचं) खातं रिकामं झालंय, पार्सल अडकलंय. एखादी खरी सूचना चुकली तर दंड बसतो, म्हणून खोटीही गांभीर्याने वाचली जाते. अबूधाबी आणि शारजात वाहतुकीचा दंड 60 दिवसांच्या आत भरला तर 35 टक्के सवलत खरोखरच मिळते. त्यामुळे ‘आज भरा, सवलत घ्या’ हे पत्र मुळीच अशक्य वाटत नाही. पार्सलवाले तर दोन-चार दिरहमच मागतात. एवढ्याशा रकमेसाठी कोण शंका घेतो? त्यांना ते दिरहम नकोच असतात, कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी हवा असतो. इथल्या बँका सेंट्रल बँकेच्या सूचनेनुसार 2025 च्या जुलैपासून एसएमएस आणि मेलवरचे ओटीपी बंद करू लागल्या, ते यामुळेच. सरकारी पत्ता उजवीकडून वाचावा: शेवटी ‘डॉट गव्ह डॉट एई’ असेल तर ठीक, ‘गव्ह’ मध्येच कुठेतरी घुसवलेलं असेल आणि शेवट भलताच असेल, तर पत्र उडवून टाकावं. त्याहून सोपं म्हणजे पत्रातली लिंक सोडून द्यावी आणि त्या खात्याचं ॲप स्वतः उघडून दंड आहे का ते पाहावं.

एक गोष्ट मात्र आपल्यातल्या अनेकांना तपासून पाहायला हवी. वर्षानुवर्षं आपले व्हिसाचे अर्ज टायपिंग सेंटरमधला मुलगा किंवा कंपनीचा पीआरओ भरत आला. त्यात कोणता मेल पत्ता लिहिलाय हे कितीजणांना माहीत आहे? आपल्या नावाच्या खऱ्या सूचना भलत्याच्या इनबॉक्समध्ये पडत असतील, तर आपल्याकडे येणाऱ्या खोट्या ओळखायच्या कशाच्या आधारावर?

चिपळूण, लातूर, नागपूरच्या मुलांना येणारी ऑफर लेटरं हाही याच घराण्यातला प्रकार. मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह, भरघोस पगार, आणि शेवटच्या परिच्छेदात व्हिसा प्रोसेसिंगचे पैसे. अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराने नाही. त्यामुळे पैसे मागितले तिथेच पत्र खोटं ठरतं. एजंट परवानाधारक आहे का हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. दुबईतल्या प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा 800 46342 हा नंबर इथून फुकट लागतो. गावाकडच्या मुलाने इथल्या मामाला त्यावर फोन करायला सांगावं. मामा गेल्या गणपतीत ‘काही लागलं तर कळव’ म्हणून गेलेलाच असतो.

आणि पैसे गेलेच, तर पहिला फोन बँकेला, लगेच, लाज बाजूला ठेवून. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते अडवता आले तर आले. मग दुबईत 901 किंवा पोलिसांचं ई-क्राइम पोर्टल, अबूधाबीत पोलिसांच्याच ‘अमान’ सेवेचा 800 2626, भारतातल्या खात्यातून गेले असतील तर 1930.